फासा कशासाठी?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हटलं की अनेकांना वाटतं, यात शेवटी कुणीतरी जिंकत असणार. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला हा खेळ मुळात टेबलाभोवती बसून, बोलत खेळायचा. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो आणि डंजन मास्टर (प्रसंग रंगवणारा सूत्रधार) विचारतो, “समोर शेवाळलेली तटबंदी आहे. काय करता?” भातुकलीत कोण जिंकलं असं कुणी विचारत नाही, तसंच इथेही. सूत्रधार प्रतिस्पर्धी नसतो. मग नियम कशाला, ही शंका रास्त आहे. पण ‘मी चढलो’ म्हटल्याने तट चढून होत नाही. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, पडलेल्या आकड्यात पात्राचं कौशल्य, समजा ३, मिळवतो. काठिण्यांक (यशासाठी गाठायचा आकडा) १५ असेल, तर फाशावर किमान १२ पडायला हवेत. म्हणजे शंभरात सरासरी ४५ वेळा यश. घसरलात तरी गोष्ट थांबत नाही, पहारेकरी जागे होतात आणि वेगळाच प्रसंग उभा राहतो. माझ्या मते खेळाची खरी गंमत इथेच आहे.

जाडजूड नियमपुस्तकं आधी पाठ करावी लागतात, हाही गैरसमजच. मूलभूत नियम प्रकाशकांनी मोफत उपलब्ध केले आहेत. पहिल्या दिवशी फक्त आपलं पात्र काय करू पाहतंय, ते सांगा.