छायाचित्रांतील अंगडी-टोपडी

हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत, भिंतीवर नाही तर ट्रंकेच्या तळाशी, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले एखादे बालचित्र हमखास सापडते. हे मूल कोण, असे विचारावे तर घरातील मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. पाठीमागे नाव नसते. अशा वेळी साक्ष काढावी ती त्या मुलाच्या अंगावरील कपड्यांची.

या शहरास छायाचित्रांचा नाद लवकर लागला. लाला दीनदयाळ यांनी १८८० च्या दशकात सिकंदराबादेस स्टुडिओ थाटला, आणि १८९२ मध्ये स्त्रियांसाठी निराळा जनाना स्टुडिओ काढून तो केनी-लेव्हिक या आंग्ल बाईंच्या हाती सोपविला. तरीही कित्येक घरांतून मूल तेवढे वडिलांबरोबर स्टुडिओत जाई, आई घरीच राही. पण तिचा हात चित्रात उतरलेला असतो. डोक्यावरून पाठीवर उतरणारी कुंची, तिच्या कडेची गोट, झबल्याचे बंद, हे सारे घरीच शिवलेले असे.

प्रथम रंगांविषयी सावध असावे. त्या काळच्या काचांवरील रसायनास निळा प्रकाश चटकन जाणवे, तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे तांबड्या खणाचे पोलके चित्रात काळे उमटते, पिवळे रेशीम काळपट होते, तर निळा परकर पांढरट दिसतो. सर्व रंग टिपणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास विक्रीस आल्या, तरी जुन्या धर्तीच्या काचा पुढे पुष्कळ वर्षे वापरात राहिल्या.

परकर दिसला म्हणून मुलगी समजू नये. हौसेने मुलग्यास परकर-पोलके नेसवून चित्र काढविण्याची रीत घरोघर होती. ज्या घरी मुलगे जगत नसत तेथे तर मुलाचे नाक टोचून त्याला धोंडू किंवा दगडू म्हणत. कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी दिसली, की मुलगा असण्याचा संभव अधिक. खलाशी कॉलरच्या पोशाखावरून मात्र काळ ठरवू नये. इंग्लंडच्या राजपुत्राने १८४६ मध्ये तो घातला, तेव्हापासून कित्येक पिढ्यांची मुले त्यात सजली.

शेरवानीची गोष्ट खास आपल्या शहराची. शेरवानीतला मुलगा दिसताच पुण्याकडील पाहुणे 'हा तुमच्यातला कसा?' असे विचारतात! निजामी अमदानीत शेरवानी हा दरबाराचा, कचेरीचा आणि पुढे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचा पोशाख होता. मराठी, तेलुगू, कायस्थ, मुसलमान, सर्वांच्या अंगावर तो असे. त्यावरून धर्म ओळखू जाणे व्यर्थ.

काचिगुड्याच्या एका परिचित घरी आम्ही असेच एक चित्र पाहिले. तक्क्याला टेकविलेले तान्हे मूल, अंगात काळे झबले. ते आजोबांचे म्हणून पूजले जाई. काळेपणा तांबड्या रंगाचाही असू शकला असता. परंतु भिंग लावताच गळ्यातील पांढरा हार मोत्यांचा नसून काटेरी हलव्याचा असल्याचे दिसले. म्हणजे संक्रांत, बोरन्हाण. मुलाने मान नुकतीच धरलेली; वय चार-पाच महिने. आजोबांचा जन्म माघातला, पहिल्या संक्रांतीस ते वर्षाचे होत आलेले असणार. घरातील नव्वदीच्या आत्याबाईंना विचारले. त्या बराच वेळ चित्र न्याहाळीत राहिल्या, मग म्हणाल्या, "ही आमची थोरली. भाद्रपदातली. दोन वर्षांची व्हायच्या आत गेली." त्या मुलीचे दुसरे चित्र नाही, आणि तिचे नाव आत्याबाईंखेरीज कोणासही ठाऊक नव्हते.

घरे पाडून सदनिका होत आहेत. ट्रंका रिकाम्या होतात, आणि जुमेरात बाजारात असली चित्रे चौकटीच्या लाकडासाठी विकली जातात. वाचकहो, चित्र पुठ्ठ्यापासून सोडवू नये. स्टुडिओचे नाव-पत्ता त्यावरच असतो. शाईही वापरू नये. घरातील वृद्ध स्त्रियांपुढे चित्र धरावे, कुंची कोणी शिवली, कोणत्या सणाची, हे विचारावे आणि त्या सांगतील ते मऊ पेन्सिलीने मागे लिहून ठेवावे. काचिगुड्याच्या त्या चित्रामागे आता तसे नाव लिहिलेले आहे.