निष्कास यंत्रणा, पिकअप वाहनांची

एंजिनाच्या सिलिंडरांत इंधनाच्या ज्वलनाने निर्माण होणारे तप्त वायू गोळा करून, त्यांचा दाब, आवाज व विषारीपणा कमी करून ते वाहनाच्या मागील भागातून हवेत सोडणाऱ्या भागांच्या जुळणीस निष्कास यंत्रणा म्हणतात. बोलण्यात संपूर्ण यंत्रणेलाच ‘सायलेन्सर’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी सायलेन्सर हा तिचा एक भाग होय. पिकअप या हलक्या मालवाहू वाहनात ही यंत्रणा हौद्याखालून उघडी जात असल्याने ती इतर भागांपेक्षा लवकर निकामी होते. मूळ निर्मात्याचा सुटा भाग महाग वाटल्यास बाजारातील बदली भाग बसविण्यात येतो. असा भाग निवडताना धातू, व्यास, जोडणी व कायदा या चार गोष्टी पहाव्या लागतात. आवाजाची वा दिखाऊपणाची हौस त्यांत बसत नाही. प्रस्तुत नोंदीत ही निवड प्रामुख्याने भंडारा जिल्ह्यातील परिस्थितीच्या संदर्भात विशद केली आहे.

घटक व कार्य : सिलिंडरांच्या निष्कास द्वारांतून बाहेर पडणारे वायू प्रथम मॅनिफोल्ड या ओतीव भागात एकत्र येतात. टर्बोभारक असलेल्या एंजिनात ते तेथून टर्बाइनात जातात व तिला फिरवितात. त्यापुढे पुढील नळी, उत्प्रेरक परिवर्तक, सायलेन्सर व शेपटीची नळी असा क्रम असतो. एंजिन रबरी आधारांवर हलत असल्याने पुढील नळीत बहुधा लवचिक जाळीदार तुकडा घालतात. सर्व नळ्या रबरी टांगण्यांनी चासिसला अडकविलेल्या असतात. दोन भाग फ्लँज व पॅकिंगने किंवा क्लँपने जोडतात.

सायलेन्सर आवाज दोन प्रकारे कमी करतो. पहिल्या प्रकारात वायू एकदम मोठ्या कोठीत प्रसरण पावतात व आतील पडद्यांवरून परावर्तित झालेल्या ध्वनितरंगांमुळे मूळ तरंग क्षीण होतात. दुसऱ्या प्रकारात सच्छिद्र नळीभोवती काचतंतू किंवा खनिज लोकर भरून ध्वनीची ऊर्जा शोषून घेतली जाते. मालवाहू वाहनांत पहिला प्रकार टिकाऊ ठरतो, कारण तंतू काजळीने भरतात व कालांतराने उडून जातात.

निकामी होण्याची कारणे : भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात असून तेथे वर्षाला सरासरी सु. १,३०० मिमी. पाऊस पडतो. त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात होतो. मोहाडी, तुमसर, पवनी, लाखनी, साकोली, लाखांदूर व भंडारा या सातही तालुक्यांत धान हे मुख्य पीक आहे. धान, तांदूळ, भाजीपाला व मासळी यांची वाहतूक करणाऱ्या पिकअप वाहनांना बांध्यांतील चिखलाच्या वाटांवरून भात गिरणीपर्यंत व तेथून राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ वर यावे लागते. सायलेन्सरवर चिकटलेला ओला चिखल पाणी धरून ठेवतो व बाहेरून गंज चढवितो. बांध व गतिरोधक यांवर नळी आपटून टांगणी तुटते आणि आधार सुटलेल्या नळीचा सर्व भार जोडावर येऊन तो उलतो.

याहून घातक गंज आतून चढतो. इंधनातील हायड्रोजन जळून पाणी तयार होते. एक लिटर डीझेल जळाल्यास सु. एक लिटर पाणी, तर एक किग्रॅ. संपीडित नैसर्गिक वायू जळाल्यास दोन किग्रॅ.हून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड सायलेन्सरमध्ये यातील काही वाफेचे द्रवीभवन होते व त्यात ज्वलनातून आलेली आम्ले विरघळतात. नागपूरपर्यंतच्या सु. ६० किमी.च्या फेरीत सायलेन्सर पुरेसा तापून हे पाणी उडून जाते. गाव ते बाजार अशा चार-पाच किमी.च्या फेऱ्यांत मात्र ते आतच साचते. म्हणून कमी चालणाऱ्या वाहनाचा सायलेन्सर अनेकदा जास्त चालणाऱ्या वाहनापेक्षा आधी सडतो. सायलेन्सरच्या तळाशी असलेले बारीक छिद्र हे पाणी जाण्यासाठीच असते. गळती समजून ते वेल्डिंगने बुजविणे चुकीचे आहे.

धातूची निवड : बदली भाग मुख्यतः चार प्रकारच्या धातूंचे मिळतात. (१) साधे मृदू पोलाद : हे सर्वांत स्वस्त असते व कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात दुरुस्त होते, परंतु आतून व बाहेरून लवकर गंजते. (२) ॲल्युमिनियमाचा थर दिलेले पोलाद : सिलिकॉनयुक्त वितळलेल्या ॲल्युमिनियमात बुडवून काढलेला हा पत्रा सु. ६००° से. पर्यंत गंजास चांगला विरोध करतो. वेल्डिंगच्या जागी थर जळतो, म्हणून तेथे उष्णतारोधी ॲल्युमिनियम रंग द्यावा लागतो. (३) सु. ११ टक्के क्रोमियम असलेले ‘४०९’ प्रतीचे अगंज पोलाद : मोटारउद्योगात निष्कास यंत्रणेसाठी हे सर्रास वापरतात. त्यावर वरवर तांबूस डाग पडतात, पण ते खोल जात नाहीत. (४) सु. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ‘३०४’ प्रतीचे अगंज पोलाद : हे चकचकीत रहाते, परंतु निकेलमुळे महाग पडते. शिवाय तापल्यावर ते साध्या पोलादाच्या सु. दीडपट प्रसरण पावत असल्याने ताठ जोडांवर ताण येतो.

भंडारा समुद्रापासून दूर असल्याने तेथे हवेतील क्षारांचा त्रास नाही. कोकण किनाऱ्यावर चौथ्या प्रकाराचा जादा खर्च काही अंशी सार्थ ठरू शकतो, तसा तो येथे ठरत नाही. दुसरा किंवा तिसरा प्रकार येथील कामास पुरेसा आहे. [→ अगंज पोलाद].

व्यास व शक्ती : रुंद नळी बसविल्याने वाहनाची ओढ वाढते, तसेच एंजिनाला पश्चदाब आवश्यकच असतो, या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. पश्चदाब हा नेहमीच अडथळा असतो. मात्र टर्बोभारक नसलेल्या एंजिनात योग्य व्यासाच्या नळीतून वेगाने जाणारा वायू आपल्यामागे सिलिंडरातील उरलेला वायू ओढून नेतो. व्यास प्रमाणाबाहेर वाढविल्यास वेग घटून हा लाभ कमी होतो.

उदा., २.५ लिटर धारणेचे टर्बोभारक नसलेले चार-धावी एंजिन मिनिटाला ३,२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरत असल्यास ते सेकंदाला जास्तीत जास्त सु. ६७ लिटर हवा ओढते. ४००° से. तापमानाला तिचे घनफळ सु. १५० लिटर होते. ५० मिमी. आंतरव्यासाच्या नळीतून हा वायू सेकंदाला सु. ७५ मी., तर ५७ मिमी. व्यासाच्या नळीतून सु. ५८ मी. वेगाने जातो. नळीतील दाबाची घट स्थूलमानाने व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने व्यासातील या ७ मिमी.च्या वाढीने ती जवळजवळ निम्मी होते. तथापि हा लाभ पूर्ण वेगापुरताच लक्षणीय असतो. भरलेले वाहन ओढताना एंजिन निम्म्या वेगाने फिरत असल्यास हीच घट मुळातच सु. एक-चतुर्थांश असते व तीत बचत करण्यासारखे फारसे काही उरत नाही. टर्बोभारित एंजिनात वायूचे प्रमाण अधिक असले, तरी इंधनाच्या पुरवठ्यात बदल न करता केवळ नळी बदलून मिळणारी शक्ती थोडीच असते. म्हणून मूळ व्यासाचीच नळी घेणे हितावह ठरते. मूळ नळीहून अरुंद नळी, तसेच वाकविताना चपटी झालेली नळी मात्र टाळावी लागते. तिच्यामुळे डीझेल अधिक जळते व धूर वाढतो.

कायद्याच्या मर्यादा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये प्रत्येक वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे सक्तीचे आहे. आवाज मोजण्याची पद्धत भारतीय मानक ३०२८ मध्ये दिलेली आहे. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९० (२) खाली पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय तीन महिने परवाना धारण करण्यास अपात्र ठरविले जाते.

डीझेल वाहनाच्या धुराची घनता प्रकाश शोषण गुणांकाने मोजतात. भारत स्टेज ४ च्या वाहनांसाठी ही मर्यादा दर मीटरला १.६२, तर त्याआधीच्या वाहनांसाठी २.४५ आहे. मालवाहू वाहनास आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. आवाज करणारा सायलेन्सर बसविल्यास ‘पासिंग’च्या वेळी तो काढून जुना लावण्याचा खर्च व वाहन उभे राहिल्याने बुडालेली मजुरी मालकाच्याच माथी येते.

भारत स्टेज ६ ची वाहने : १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या या मानकाच्या डीझेल वाहनांत उत्प्रेरक परिवर्तकाबरोबर काजळी गाळणारा कणगाळप असतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या त्याच्या वाहिन्या एकाआड एक बंद केलेल्या असतात. वायू सच्छिद्र भिंतींतून पार होतो व काजळी मागे रहाते. ठराविक काळाने तापमान सु. ६००° से. पर्यंत वाढवून ही काजळी जाळली जाते. केवळ लहान फेऱ्या करणाऱ्या वाहनात हे तापमान गाठले जात नाही व गाळप तुंबतो. अशा वेळी तो काढून पोकळ नळी बसविण्याचा स्वस्त उपाय सुचविला जातो. तो बेकायदेशीर आहे. शिवाय दाब व तापमान यांच्या संवेदकांकडून चुकीची माहिती मिळाल्याने नियंत्रक एंजिनाची शक्ती मर्यादित करतो. गाळप बदलण्याआधी नियंत्रित पुनर्जनन व साफसफाई करून पहाणे, शिफारस केलेले कमी राखेचे वंगण वापरणे आणि आठवड्यातून एकदा तरी वाहन महामार्गावर सलग चालविणे, हेच खरे काटकसरीचे मार्ग होत. या वाहनांत बाजारातील बदली भाग घ्यावयाचा झाल्यास तो कणगाळपाच्या पुढील सायलेन्सर व शेपटीची नळी यांपुरताच मर्यादित ठेवावा लागतो. [→ प्रदूषण].

परवडण्याचा हिशेब : स्वस्तपणा किंमतीवरून न ठरता प्रत्येक वर्षाच्या सेवेसाठी पडणाऱ्या खर्चावरून ठरतो. उदा., एक सायलेन्सर २,००० रुपयांना मिळून दीड वर्ष टिकतो व दुसरा ४,००० रुपयांना मिळून पाच वर्षे टिकतो असे मानल्यास, दरवर्षीचा खर्च अनुक्रमे सु. १,३३० व ८०० रुपये होतो. प्रत्येक बदलाच्या वेळी द्यावी लागणारी मजुरी व वाहन बंद राहिलेला दिवस धरल्यास ही तफावत आणखी वाढते. वाहन दोन वर्षांत विकावयाचे किंवा मोडीत काढावयाचे असल्यास मात्र साध्या पोलादाचा भाग हिशेबात बसतो. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या मालक-चालकाने संपूर्ण यंत्रणा बदलण्याआधी दोष नेमका कोठे आहे हे पहाणे आवश्यक असते. अनेकदा केवळ पॅकिंग, रबरी टांगणी किंवा लवचिक तुकडा बदलून काम भागते.

पारख व बसवणी : चांगल्या भागाची फ्लँज जाड व सपाट असते, शिवण अखंड असते आणि त्याच आकाराच्या हलक्या भागापेक्षा त्याचे वजन अधिक भरते. चंदेरी रंग दिलेले साधे पोलाद ॲल्युमिनियमाच्या थराचे म्हणून विकले जाऊ शकते. टोकाशी खरवडल्यास रंगाची साल निघते, धातूचा थर तसा निघत नाही. लोहचुंबकाची कसोटी अर्धवट आहे. ‘३०४’ प्रतीस चुंबक जवळजवळ चिकटत नाही, पण ‘४०९’ प्रतीस तो साध्या पोलादाइतकाच चिकटतो. म्हणून चुंबक चिकटला एवढ्यावरून भाग कमी दर्जाचा ठरत नाही. बिलावर धातूची प्रत व हमीची मुदत लिहून घेणे अधिक भरवशाचे असते.

बसविताना सर्व जोड प्रथम सैल ठेवून नळी सरळ रेषेत आणतात व मग पुढून मागे क्रमाने आवळतात. पॅकिंग व टांगण्या नव्याच वापरतात. ब्रेकची नळी, इंधनाची नळी व विजेच्या तारा यांपासून पुरेसे अंतर राखून उष्णतारोधी पत्रा पुन्हा लावतात. चासिसवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवितात. एंजिन थंड असताना सुरू करून शेपटीच्या नळीचे तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबल्यास गळका जोड फुसफुसतो. काही दिवसांनी जोडाभोवती दिसणारी काळी काजळी हीदेखील गळतीची खूण होय.

सुरक्षितता : मॅनिफोल्ड वा पुढील नळीतील गळती केवळ आवाजाची बाब नाही. निष्कास वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पटींनी सहज संयोग पावतो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची पहिली लक्षणे होत. डीझेलच्या धुराचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवात कर्करोग उद्‌भविणाऱ्या घटकांत केला. मालवाहू वाहनातून माणसे नेण्यास कायद्याने मनाई असली, तरी रोवणी व कापणीच्या दिवसांत मजूर हौद्यात बसून जाताना दिसतात. ताडपत्रीने झाकलेल्या हौद्यात मागील धूर ओढला जातो. त्यामुळे हौद्याखालीच संपणारी आखूड शेपटीची नळी विशेष धोक्याची ठरते.

धानाच्या मळणीनंतर खळ्यावर पसरलेले वाळलेले तणस हा आगीचा धोका आहे. उतरलेल्या किंवा उष्णतारोधी पत्रा गळून पडलेल्या नळीला तणस टेकल्यास ते पेट घेऊ शकते. कणगाळपाचे पुनर्जनन चालू असताना तर तणसावर वाहन उभे करणे कटाक्षाने टाळावे लागते. मळणीच्या हंगामापूर्वी टांगण्या व पत्रा तपासून अडकलेले तणस काढून टाकणे हा अल्प खर्चाचा व परिणामकारक उपाय आहे. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, मोटारगाडी].