आठवड्याचे घर, बाजाराचा वार

इंग्लंडची सहल म्हटली की आपल्याकडील प्रवाशाच्या डोळ्यांसमोर लंडन उभे राहते. राजवाडा, मेणाचे पुतळे, एखादा दिवस ऑक्सफर्डला आणि मग परतीचे विमान. पुष्कळशी इंग्लिश कुटुंबे मात्र आपली सुटी निराळ्या रीतीने घालवतात. समुद्राकाठच्या एखाद्या खेड्यात आठवडाभरासाठी घर भाड्याने घ्यायचे, स्वयंपाक घरीच करायचा आणि रोज पायी किंवा मोटारीने आसपासचा मुलूख पाहायचा, असा त्यांचा शिरस्ता आहे. मुले किंवा नातेवाईक ब्रिटनमध्ये असलेल्या भारतीय कुटुंबांनाही ही पद्धत मानवण्यासारखी आहे. चार खोल्यांत तीन पिढ्या मावतात आणि संध्याकाळी कुकरची शिट्टी होते!

अशा मुक्कामासाठी उत्तर यॉर्कशायरचा किनारा उत्तम. लंडनहून यॉर्कपर्यंत आगगाडीने सुमारे दोन तास. तेथून पुढे माल्टन आणि पिकरिंग ही बाजारपेठेची गावे ओलांडून, ‘मूर’ नावाच्या उघड्या माळरानावरून बस व्हिटबीच्या बंदरात उतरते. २०१८ मध्ये हा ब्रिटनमधील सर्वांत निसर्गरम्य बसमार्ग म्हणून निवडला गेला होता. ऑगस्टमध्ये हे माळरान हेदरच्या फुलांनी जांभळे होते.

‘मार्केट टाउन’ म्हणजे आपल्या आठवडी बाजाराचे गाव. मध्ययुगात बाजार भरवण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळत असे आणि ती सनद म्हणजेच गावाची प्रतिष्ठा. पिकरिंगचा बाजार सोमवारी भरतो, हेल्म्सलीचा शुक्रवारी. चीज, पाव, रोपे आणि लोकरी मोजे विकणारे आपली दुकाने चौकात मांडतात. पिकरिंगच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. १८५२ मध्ये ती चुन्याखालून प्रकट झाली, तेव्हा भाविकांचे लक्ष विचलित होईल म्हणून धर्मगुरूंनी त्यांवर पुन्हा चुना फासून घेतला! पुढे ती पुन्हा उजेडात आली, हे आपले भाग्य. याच गावातून निघणारी वाफेची आगगाडी मुलांना विशेष भावते. १८३६ साली जॉर्ज स्टीफन्सनने आखलेल्या या मार्गावर प्रारंभी घोडे डबे ओढत. १९६५ मध्ये तो बंद पडला आणि १९७३ मध्ये स्वयंसेवकांनी आपल्या कष्टांवर त्याचा अठरा मैलांचा भाग पुन्हा सुरू केला. वाटेतील गोथलंड स्थानक हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटात झळकलेले आहे.

बाजाराच्या गावाला वाराचे बंधन, तर किनाऱ्यावरील खेड्याला भरती-ओहोटीचे. रॉबिन हूड्स बे येथे दिवसाचा आराखडा भरतीचे वेळापत्रक पाहूनच करावा लागतो. ओहोटीला खडकांच्या लांबच लांब पट्ट्या उघड्या पडतात आणि त्यांत मुलांना शंखाकृती अमोनाइट सापडतात. संत हिल्डाने सापांचे दगड केले, अशी त्यांची दंतकथा आहे, म्हणून व्हिटबीच्या मानचिन्हावरही तीन अमोनाइट विराजमान आहेत. भरती मात्र कड्याच्या पायथ्याशी येऊन भिडते, तेव्हा वाट अडण्यापूर्वी परतणे शहाणपणाचे. हा समुद्र घरेही गिळत आला आहे. १७८० च्या सुमारास या खेड्यातील जुना रस्ता घरांसह कोसळला. आजची संरक्षक भिंत १९७५ ची. उत्तरेकडील स्टेथ्स येथे किशोरवयीन जेम्स कुक ज्या दुकानात उमेदवारी करीत होता, तेही लाटांनी नेले.

व्हिटबीत १९९ पायऱ्या चढून मठाच्या भग्नावशेषांपाशी पोहोचावे. १८९० च्या उन्हाळ्यात ब्रॅम स्टोकर येथे उतरला होता. आठवड्याने पत्नी आणि मुलगा त्याला येऊन मिळाले. म्हणजे तीही कौटुंबिक सुटीच! त्या मुक्कामात गावच्या ग्रंथालयातील एका पुस्तकात त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव गवसले. खालच्या बंदरात मासे आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी खाल्ल्याशिवाय कोणी परतत नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी चौकशी करावी, कारण यॉर्कशायरमध्ये हे तळण पुष्कळदा गोमांसाच्या चरबीत होते.

आता एक गोष्ट, जी माहितीपत्रकात नसते. रॉबिन हूड्स बेच्या अरुंद बोळांतून चालताना दारांशेजारी लहानशा कुलूपबंद पेट्या दिसतात. आकडे फिरवले की पेटी उघडते आणि आत किल्ली असते. जेथे अशी पेटी, तेथे बहुधा पाहुण्यांचे घर. एकेका बोळात त्या मोजाव्यात, म्हणजे हिवाळ्याच्या रात्री किती खिडक्या अंधाऱ्या राहत असतील, याचा अंदाज येतो. कोळ्यांची मुले शेजारच्या गावी राहायला गेली, कारण येथील घरांच्या किमती त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. जून २०२२ मध्ये व्हिटबीकरांनी या प्रश्नावर मतदान केले. नवी घरे कायम वास्तव्य करणाऱ्यांनाच विकावीत, या बाजूने २,२२८ मते पडली, विरोधात १५७. तो कौल बंधनकारक नव्हता. पुढे एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलने दुसऱ्या घरांवरील कर दुप्पट केला. दुसरी बाजूही आहेच: मासेमारी आटल्यावर याच पाहुण्यांनी उपाहारगृहे आणि दुकाने तगवली.

बाजाराच्या गावांनाही अशीच ओहोटी लागली आहे. २०१५ नंतर ब्रिटनमध्ये विविध बँकांच्या सहा हजारांहून अधिक शाखा बंद झाल्या, आणि चौकातली देखणी दगडी बँक अनेक ठिकाणी कॉफीचे दुकान झाली. वृद्ध ग्राहक आणि रोख गल्ला भरणारे दुकानदार यांची फार अडचण झाली. त्यावर २०२१ मध्ये एसेक्समधील रॉचफर्ड आणि स्कॉटलंडमधील कॅम्बसलँग येथे एक प्रयोग झाला, तो आता देशभर पसरला आहे. अनेक बँकांसाठी मिळून एकच सामाईक केंद्र. खिडकीवरील व्यवहार टपाल कार्यालयाची मंडळी पाहतात आणि प्रत्येक वारी निराळ्या बँकेचा अधिकारी येऊन बसतो. सोमवारी एका बँकेचा, मंगळवारी दुसऱ्या. सनद देणाऱ्या राजाला ही व्यवस्था ओळखीची वाटली असती.

मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी, बहुधा दहाच्या आत, घर मोकळे करून द्यावे लागते. किल्ली पेटीत ठेवून सामान चढणीवरच्या वाहनतळाकडे ओढत नेताना, बादली आणि धुतलेल्या चादरींच्या पिशव्या घेऊन खाली येणाऱ्या बाया भेटतात. त्या येतात बाहेरगावाहून, आणि दुपारी नवे कुटुंब येण्यापूर्वी त्यांना अशी तीन-चार घरे आवरायची असतात.