विश्लेषण : आधीच जन्मठेप, मग वाढीव शिक्षा कशी?

समजा, वसमत तालुक्यातील कुरुंदा पोलीस ठाण्याच्या हद्दीत घरफोडी झाली आणि आरोपी ‘रेकॉर्डवरचा’ निघाला. जुन्या शिक्षेमुळे त्याची नवी शिक्षा किती वाढते? आणि गुन्हाच जन्मठेपेचा असेल, तर वाढवायला उरते काय?

वाढीव शिक्षा कधी?

भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ नुसार (पूर्वीचे भादंवि कलम ७५) बनावट चलन किंवा मालमत्तेविषयीच्या, ३ वर्षे वा अधिक कैदेस पात्र गुन्ह्यात आधी दोषी ठरलेल्याने पुन्हा तसाच गुन्हा केल्यास जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र ठाण्यात १० गुन्हे दाखल असणे म्हणजे दोषसिद्धी नव्हे. गावगप्पांत हा फरक हमखास विसरला जातो.

जन्मठेपेवर जन्मठेप?

माणसाला आयुष्य एकच, त्यामुळे जन्मठेपा एकामागून एक भोगता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१६ मध्ये मुथुरामलिंगम प्रकरणात स्पष्ट केले. मग कायद्याने वरची एकच पायरी धरली, ती फाशीची. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केल्यास भादंवि कलम ३०३ खाली फाशी अटळ होती. १९८३ मध्ये मिठू प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरले. आता त्या जागी आलेल्या कलम १०४ मध्ये फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप, असे दोन पर्याय आहेत.

शक्ती मिलमध्ये काय झाले?

मुंबईतील शक्ती मिल आवारात २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये सामूहिक बलात्काराचे दोन गुन्हे घडले. दोन्ही खटल्यांत दोषसिद्धी झाली २० मार्च २०१४ या एकाच दिवशी. तिघे दोन्हींत दोषी होते. पहिल्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली आणि तीच ‘पूर्वीची दोषसिद्धी’ धरून दुसऱ्यात कलम ३७६ ई लावले गेले. ४ एप्रिलला फाशी सुनावली गेली. दुसरा गुन्हा घडला तेव्हा पहिल्याचा निकालही नव्हता, मग त्यांना सराईत म्हणायचे का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने ३ जून २०१९ रोजी कलम वैध ठरवले. पण २५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली, तीही पॅरोल आणि फर्लोशिवाय.

फरक सुटकेत

फाशीही होऊ शकेल अशा गुन्ह्यात साधी जन्मठेप असेल, तर किमान १४ वर्षांनंतर सरकार सुटकेचा विचार करू शकते. ‘मरेपर्यंत’ हा शब्द निकालात आला, की तो हिशेबच थांबतो.