पेशींतील चिमुकले पहारेकरी

सन १९९३ मध्यें अमेरिकेंतील व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन ह्या दोन शास्त्रज्ञांनीं मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीचा अभ्यास करितां करितां मायक्रो-आर.एन.ए. हा नवाच पदार्थ उजेडांत आणिला. कृमि तो केवढा, आणि आपल्या आयाबहिणींच्या आरोग्याशीं त्याचा संबंध तो काय, असें वाचकांस वाटेल. परंतु ह्याच शोधाबद्दल सन २०२४ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्या उभयतांस मिळालें, आणि त्याचा धागा स्तनाच्या कर्करोगापर्यंत येऊन पोंचतो.

पेशींतील डी.एन.ए. मध्यें शरीराच्या साऱ्या कामांच्या सूचना सांठविलेल्या असतात. एकेका सूचनेस जनुक म्हणतात. प्रथिन बनवावयाचें झालें म्हणजे जनुकाची एक नक्कल निघते व ती संदेश घेऊन प्रथिनें बनण्याच्या जागीं जाते. आमच्या शाळेंत मुख्याध्यापकांची सूचना घेऊन शिपाई वर्गावर्गांतून फिरतो, तसाच हा प्रकार समजावा. आतां त्या शिपायास कोणी वाटेंतच अडविलें, तर सूचना निघाली खरी, पण वर्गांत वाचली जाणार नाहीं. मायक्रो-आर.एन.ए. नेमकें हेंच करितो. सुमारें २२ घटकांचा हा तुकडा आपल्याशीं जुळणाऱ्या संदेशास चिकटतो आणि त्याचें काम थांबवितो, किंवा त्याचा नाशच घडवितो. एकेक पहारेकरी अनेक संदेशांवर नजर ठेवतो.

पेशींनीं केव्हां वाढावें आणि केव्हां थांबावें, ही शिस्त बऱ्याच अंशीं ह्या पहाऱ्यावर अवलंबून असते. कर्करोगांत पहाराच बिघडतो. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींत ‘मिर-२१’ हा तुकडा पुष्कळदां प्रमाणाबाहेर वाढलेला आढळतो, आणि तो वाढ आवरणाऱ्या जनुकांचेच संदेश अडवितो. म्हणजे पहारेकरीच चोरास सामील! उलट वाढीस लगाम घालणारा ‘लेट-७’ अशा गाठींत बहुधा कमी पडलेला असतो.

हे तुकडे रक्तांतही सांपडतात. तेव्हां रक्ताच्या चार थेंबांवरून रोग ओळखतां येईल, ही आशा स्वाभाविक आहे. पण निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष अद्याप एकमेकांशीं पुरते जुळत नाहींत, म्हणून नेहमींच्या तपासणींत ही परीक्षा आलेली नाहीं. वर्तमानपत्रांतील मथळे वाचून ती आलीच असें कोणी समजूं नये.

तोंवर काय करावें? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें सन १९९८ मध्यें त्या शहरांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा एक मोठा प्रयोग आरंभिला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका ठराविक काळानें केवळ हातांनीं स्तन तपासीत. निष्कर्ष सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेंत सांपडला. ५० वर्षें व त्यापुढील स्त्रियांत त्यानें होणारे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं कमी झाले. त्याहून लहान वयांत तसा फरक दिसला नाहीं. यंत्र नाहीं, रक्तपरीक्षा नाहीं. शिकविलेलीं बोटें तेवढीं!

वाईसारख्या गांवीं आम्हांस ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण येथें खरी अडचण संकोचाची आहे. स्तनांतील अशी गाठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं. आणि जें दुखत नाहीं तें घरांत काढावें कसें, म्हणून आई महिनेच्या महिने गप्प राहते. मुलींनीं एवढें तरी घरीं वाचून दाखवावें: स्तनांत वा काखेंत गाठ, कातडीस पडलेली खळी, आंत ओढलें गेलेलें स्तनाग्र, त्यांतून येणारें रक्त, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें. अशा पुष्कळशा गाठी कर्करोगाच्या नसतात. पण तें त्यांनींच तपासून सांगावयाचें.