योगायोग की पक्षपात?

एक नाणे शंभर वेळा उडवले आणि ५४ वेळा छापा पडला, तर आपण नाण्याला दोष देत नाही. पण ९० वेळा छापा पडला तर? नाण्यात काही तरी खोट आहे, असे कोणीही म्हणेल. मग शंकेची सीमारेषा आखायची कोठे? संख्याशास्त्राचे याविषयीचे उत्तर एकदा न्यायालयातही उपयोगी पडले.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात हिडाल्गो नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा आहे. १९७० च्या जनगणनेनुसार तेथील ७९.१ टक्के लोक मेक्सिकन वंशाचे होते. आरोपीवर खटला भरावा की नाही, हे तेथे नागरिकांचे एक मंडळ ठरवते. त्याला ग्रँड ज्यूरी म्हणतात. अकरा वर्षांत या कामासाठी ८७० जणांना बोलावले गेले. त्यांत मेक्सिकन वंशाचे होते फक्त ३३९, म्हणजे ३९ टक्के. शिक्षा झालेल्या एका आरोपीने तक्रार केली, की ही निवड निःपक्षपाती नाही.

आता गणिताने तपासू. प्रथम तक्रार खोटी आहे असे धरून चालू. म्हणजे प्रत्येक निवडीत मेक्सिकन वंशाची व्यक्ती येण्याची संभाव्यता ०.७९१ आहे. या गृहीताला ‘शून्य परिकल्पना’ म्हणतात. ते खरे असेल, तर ८७० × ०.७९१ = सुमारे ६८८ जण अपेक्षित आहेत. अर्थात थोडे कमीजास्त होणारच. किती, ते ‘प्रमाण विचलन’ सांगते :

√(८७० × ०.७९१ × ०.२०९) = सुमारे १२

निव्वळ योगायोगाने दोन प्रमाण विचलनांहून, म्हणजे येथे २४ हून, अधिक फरक शंभरांत सुमारे पाचच वेळा पडतो. प्रत्यक्ष फरक होता ६८८ − ३३९ = ३४९, म्हणजे सुमारे २९ प्रमाण विचलने! तेव्हा शून्य परिकल्पना सोडून देणेच भाग आहे.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रात हेच गणित मांडले. सरकारपक्षाला या तफावतीचा समाधानकारक खुलासा करता आला नाही आणि निकाल आरोपीच्या बाजूने लागला.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा फरक योगायोगाचा नाही, एवढेच गणित सांगते. तो कोणी आणि का घडवला, याचा शोध माणसांनीच घ्यायचा असतो.

आता नाण्याकडे वळू. १०० × ½ × ½ चे वर्गमूळ ५. मग ५४ छापांवर शंका घ्यावी का? आणि ६३ छाप पडले तर? तुम्हीच ठरवा!