गीतांतील रंग आणि मनातील लेश्या

उल्हासनगरच्या कापड बाजारात रंगांची नावे बहुधा निसर्गाकडून उसनी घेतलेली असतात. मोरपंखी, डाळिंबी, आबोली, बदामी. हीच रीत उत्तराध्ययन सूत्राच्या ३४ व्या अध्ययनात आढळते. तेथे मनाच्या परिणामांना लेश्या म्हटले असून कृष्ण लेश्या अंजनासारखी, कापोत लेश्या पारव्याच्या मानेसारखी, तेजो लेश्या उगवत्या सूर्यासारखी, पद्म लेश्या हळदीसारखी, तर शुक्ल लेश्या शंखासारखी वर्णिली आहे. रंगातून भाव सांगण्याची ही परंपरा आजच्या गीतकारांहून कितीतरी जुनी आहे.

मुळात ‘राग’ हा शब्दच ‘रञ्ज्’, म्हणजे रंगणे, या धातूपासून आला. रंग, आसक्ती आणि गायनातील राग हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. मराठीने त्यात संतापाची भर घातली. ज्याच्या मनावरून हा रंग उतरला तो वीतराग.

गीतांत गुलाबी रंग प्रीतीचा, हिरवा सौभाग्याचा, भगवा त्यागाचा मानला जातो. काळ्या रंगाच्या वाट्याला मात्र दुःख आणि पाप येते, तर नायिका बहुतेक वेळा गोरीच असते. कृष्ण लेश्या अशुभ, हेही खरे. परंतु तेथे काळेपणा क्रूर परिणामांचा आहे, कोणाच्या कांतीचा नव्हे. वारकऱ्यांच्या अभंगांत सावळा रंग परम प्रेमाचा आहे. नवपदांच्या स्तवनांत अरिहंतांचा वर्ण श्वेत, सिद्धांचा लाल, आचार्यांचा पिवळा, उपाध्यायांचा हिरवा आणि साधूंचा काळा गायला जातो. म्हणूनच ओळीच्या पाचव्या दिवशी आयंबिलाला उडीद असतात. २४ तीर्थंकरांपैकी १६ सुवर्णवर्णी आहेत, तर मुनिसुव्रतस्वामी आणि नेमिनाथ श्यामवर्णी.

तरीही उल्हासनगरपासून अंबरनाथ, बदलापूरपर्यंतच्या आपल्या घरांत सोयरिकीची बोलणी निघाली की परिचयपत्रात ‘वर्ण गोरा’ ही ओळ शोधली जाते. सकाळी श्यामवर्णी नेमिनाथांचे स्तवन गाणाऱ्या घरातच संध्याकाळी एखाद्या गुणी, शिकलेल्या मुलीचे स्थळ ‘रंगाने जरा कमी’ म्हणून परत पाठवले जाते. ते शब्द त्या मुलीच्या कानावर पडतात आणि पुढे वर्षानुवर्षे तिच्या मनात राहतात. रंगाला गुण समजण्याची ही चूक गीतांतून नकळत रुजते आणि मोठ्यांच्या बोलण्यातून पक्की होते.

१४ व्या शतकातील संत सोयराबाईंच्या अभंगात सर्व रंग एकरूप होतात. किशोरी आमोणकरांच्या स्वरांत तो घरोघरी पोहोचला. लेश्येचा उपदेशही याहून निराळा नाही. परीक्षा परिणामांची व्हावी, कातडीची नव्हे.

जाणते गिऱ्हाईक दुकानातील दिव्याखाली कापडाचा रंग ठरवत नाही, ते कापड बाहेर उजेडात नेऊन पाहते. सोयरीक ठरविताना माणसाच्या बाबतीतही तेवढीच चोखंदळ दृष्टी ठेवावी.